चवीपुरतं पाणी

अलोरे,
१० जुलै २०२५, आषाढ पौर्णिमा

चि. आम्रपालीस, अ. आ. व जयभीम.

टोप चुलीवर आहे आणि तो उतरवायला दोन माणसं लागतात. ती येईपर्यंत एका हाताने ढवळते आणि दुसऱ्याने लिहिते. अक्षर हललं तर खिरीला दोष दे.

आज वर्षावास सुरू झाला. आता आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी वाडीत कुणाच्या ना कुणाच्या घरी ग्रंथवाचन. पहिल्या दिवसाची खीर विहारात, आणि ती नेहमीप्रमाणे माझ्याकडे. मधुमेह निघाल्यापासून मी खीर करते पण चाखत नाही. चाखायला नसीमा येते. कॉलनीतून रस्ता ओलांडून येते, चमचाभर घेते, डोळे मिटते आणि दरवेळी साखर कमी आहे म्हणते. तिला मी सांगते की तुझी जीभ शीरखुर्म्याने बिघडवलेली आहे. ती म्हणते, मग दुसरी जीभ शोध. दुसरी कुठून आणू? ईदला ती शीरखुर्मा आणते तेव्हा मी वाटी नाकाशी धरते आणि परत देते. असं आमचं चाललंय.

आता माझ्या तुकड्याची खबर दे. मागच्या थंडीत तू मला पुण्याला नेऊन आतड्याची दुर्बिणीची तपासणी केलीस. वाईट काही निघालं नाही. तुझ्या संशोधनाच्या बाईंनी मला नीट समजावून सही घेतली, आणि तपासणीत काढलेला तिळाएवढा तुकडा तुमच्या प्रयोगशाळेत राहिला. तेव्हापासून नसीमा मला चिडवते की तुझ्यातलं थोडं पुण्याला राहायला गेलं आणि भाडंसुद्धा देत नाही. काल मला वाटलं, ते तिथे खातं काय? मी इथे नाचणीच्या भाकरीवर दिवस काढते. तू त्याला साखर तर घालत नाहीस ना?

फोन करून सांगू नकोस. पंपहाऊसच्या नोकरीने कान नेले ते नेले. माझा अमरदीप फोन कानाला लावून देतो, मला माशी गुणगुणल्यासारखं वाटतं आणि मी हो हो म्हणते. परवा कशाला हो म्हटलं ते अजून कळलेलं नाही. लिहीत जा. लहानपणी इथे शाळेत होतीस तेव्हा पाटीवर लिहून माझ्याशी भांडायचीस, तशी.

माणसं आली. टोप उतरवते.

लोभ आहेच. तो आमच्या नळासारखा एक दिवसाआड येऊ नये, एवढंच मागणं.

तुझी
सुनंदा आत्या

*

पुणे,
१९ जुलै २०२५

ती. आत्यास, सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. खिरीचा एक शिंतोडा तारखेवर होता. मी तो चाटला नाही, पण वास घेतला. तू वाटी नाकाशी धरतेस तसा.

तुझा तुकडा खुशाल आहे. आता तो तुकडा राहिलेला नाही. त्यातल्या पेशी आम्ही वेगळ्या केल्या आणि त्या वाढून त्यांचे गोळे झाले आहेत. साबुदाण्याचा दाणा भिजल्यावर दिसतो तसे, पण इतके बारीक की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. आतड्याच्या आतल्या अस्तरात ज्या जातीच्या पेशी असतात त्या सगळ्या त्यांत आहेत. मी रोज सकाळी गेल्यावर आधी त्यांना बघते. माझी मैत्रीण वेदिका हसते. म्हणते की हिची आत्या उबेच्या पेटीत राहते.

आणि हो, त्यांना साखर घालते. तोच तर प्रयोग आहे. काही गोळे बेताच्या साखरेत वाढवले आहेत, काही खूप साखरेत, मधुमेह आटोक्यात नसताना रक्तात असते तशी. मग दोन्हींवर लहान मुलांना जुलाब करणारा एक विषाणू सोडते आणि किती पेशींना लागण झाली ते मोजते. आतापर्यंत दिसतंय ते असं, की खूप साखरेतल्या गोळ्यांना लागण जास्त होते. निरोगी अस्तरात पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. जास्त साखरेत ती पकड सैल पडते, आणि विषाणू ज्याला चिकटतो ते खुंटे वाढत असावेत अशी शंका आहे. बाई मात्र मान हलवत नाहीत. म्हणतात, पुन्हा करा, दुसऱ्या माणसांच्या पेशींवर करा. काचेच्या थाळीत दिसलं ते माणसाच्या पोटात तसंच घडतं असं समजू नका. म्हणून मी पुन्हा करतेय. जेवताना, बसमध्ये, आंघोळ करताना तेच डोक्यात असतं. खरं आहे की माझ्या हातून काही चुकतंय? कुठेही बसले तरी उठावंसं वाटतं.

पण तुझ्यापुरतं एक वाक्य लिहून ठेवते, आणि त्याच्याखाली रेघ मारते, म्हणजे खिरीच्या टोपाजवळ तुला आठवेल. *साखरेत वाढलेलं आतडं विषाणूला लवकर शरण जातं.* तेव्हा गोळ्या वेळेवर घे, पाणी उकळून पी, आणि अमरदीपच्या डब्यातले लाडू मोजून ठेवतेस ते कशासाठी हे मला माहीत आहे.

उत्तर लवकर दे. ज्याच्या अक्षराची वाट बघावी असं मला दुसरं कुणी नाही.

तुझी
आम्रपाली

*

अलोरे,
२९ जुलै २०२५

चि. आम्रपालीस, अ. आ. व जयभीम.

तुझं पत्र सबंध वाडीने ऐकलं. रागावू नकोस. गेल्या मंगळवारी वाचनाची पाळी आपल्या घरी होती. ग्रंथ वाचून झाला, चहा व्हायचा होता, आणि मला राहवलं नाही. मी उठून सांगितलं की माझ्या भाचीने पुण्याहून शास्त्राचं लिहिलंय, ते पण ज्ञानच आहे. मधलं गोळ्यांचं आणि खुंट्यांचं कुणाला फारसं समजलं नाही, म्हणून ते गाळलं. तुझ्या बाईंचं मान न हलवण्याचं पण गाळलं. रेघ मारलेलं वाक्य दोनदा वाचलं.

त्याचा काय परिणाम झाला म्हणून सांगू! त्या दिवशी निम्म्या लोकांनी चहा बिनसाखरेचा घेतला. खालच्या ओळीतल्या हौसाबाईने तर पेला पालथाच घातला. तिला माझ्याआधीपासून मधुमेह आहे आणि डॉक्टर सांगून दमला, पण तुझं एक वाक्य तिला लागलं. आता कुणी साखरेच्या डब्याला हात लावला की ती म्हणते, शरण जाशील. पोरांनी ते उचललंय. गोळी खाणाऱ्या पोराला दुसरा पोर तेच म्हणतो. अमरदीप लोट्याच्या कंपनीतून पाळी संपवून आला तेव्हा नाक्यावर त्यालाही कुणीतरी म्हणालं, आणि त्याला वाटलं कंपनीत संप होऊन मोडलासुद्धा.

माझी साखर तपासली. बरीच खाली आलीय. लाडवांचं तू म्हणालीस ते खरं होतं, एखादा माझ्या पोटात जायचा. आता ते नाही.

इथे वरचा उतार जरा सरकला, त्यात नळाचा पाइप फुटला. दुरुस्ती चालू आहे. पाणी गढूळ येतं आणि खालच्या ओळीत जुलाब-उलट्या चालू आहेत, विशेषतः पोरांना. आशाताई घरोघर ओआरएसची पाकिटं देऊन गेली. मी आता पाकिटांच्या मागचं वाचायला शिकलेय. वाचते तर काय, साखर. त्यांच्या भाषेत ग्लुकोज लिहिलंय, पण अमरदीपला विचारलं, तो म्हणाला साखरच ती. मग मी आपल्यातल्या मधुमेहवाल्यांना सांगून ठेवलं की हे आपल्यासाठी नाही, पोरांसाठी ठीक. पोटात आधीच विषाणू, त्यात वरून साखर ओतायची म्हणजे काय? हौसाबाईने पाकीट पुढच्या घरातल्या पोराला देऊन टाकलं. आशाताई काहीतरी बोलत होती. मला ऐकू आलं नाही, पण तिचं तोंड बघून कळलं की तिला पटलेलं नाही. तिच्या वरच्यांनी तिला अजून तुमचं संशोधन सांगितलं नसणार.

नसीमाही म्हणते की मी शेफारले. म्हणू दे.

जीव लाव, पण साखर लावू नको.

तुझी
सुनंदा आत्या

*

पुणे,
४ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास, जयभीम.

तुझं पत्र आत्ता आलं. हे उभ्याने लिहितेय.

पाकिटातलं पाणी प्यायचं. मधुमेह असला तरी प्यायचं. जुलाब-उलट्या झाल्या तर तूही, हौसाबाईही, आणि ज्यांना ज्यांना तू सांगितलंस ते सगळे. दुसरं काही वाचलं नाहीस तरी चालेल, एवढं वाच.

त्यातली साखर गोडीसाठी नाही. जुलाबात अंगातलं पाणी आणि मीठ वाहून जातं. नुसतं पाणी प्यायलं तर ते तसंच निघून जातं. आतड्यात साखरेचा हात धरून मीठ आत शिरतं आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत जातं. साखर काढली तर मीठ बाहेरच राहतं आणि पाणीही. मी थाळीत पाहते ते दिवसच्या दिवस जास्त राहिलेल्या साखरेबद्दल आहे, आणि तेही अजून पक्कं नाही. हे त्या घडीला जीव तगवण्याचं आहे. दोन्ही एकाच आतड्यात होतं, म्हणून ते एक होत नाही.

पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच उकळून गार केलेल्या पाण्यात सबंध पाकीट. चमचा चमचा, थांबून थांबून. आणि त्याच दिवशी दवाखाना, दुसऱ्या दिवशी नाही. मधुमेहाच्या गोळ्या तशाच घ्यायच्या की थांबवायच्या हे डॉक्टरांना विचार. अंगातलं पाणी कमी असताना काही गोळ्या बाधतात.

अमरदीपला सकाळपासून फोन करतेय. त्याचा फोन कंपनीच्या फाटकावर जमा असणार. नसीमाखालांचा लागत नाही. तुमच्याकडे टॉवर बंद आहे असं पोफळीच्या एका माणसाने सांगितलं. हे स्पीडपोस्टने टाकते आणि संध्याकाळच्या गाडीने निघते. कुंभार्ली घाटात दरड आली आहे म्हणतात. बघते.

रेघ मी मारली होती.

आम्रपाली

*

अलोरे,
६ ऑगस्ट २०२५

चि. आम्रपालीस नसीमाखालाचा सलाम आणि पुष्कळ दुआ.

तू पाटणहून परत फिरलीस असं अमरदीप म्हणाला. घाट बंद, तू काय करणार? आत्या बरी आहे असं त्याने तुला फोनवर सांगितलं म्हणे. तो पोरगा तीन शब्दांच्या वर जात नाही. मी सगळं लिहिते, म्हणजे तुझा जीव ठिकाणावर येईल.

शनिवारी संध्याकाळी अमरदीप जोडपाळीवर असताना तिला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. मला कळलं रविवारी सकाळी, कारण ती रोज पडवीतून हात करते तो केला नाही. गेले तर भिंतीला टेकून बसलेली. ओठ पांढरे, जीभ लाकडासारखी. पाणी पीत होती आणि ते राहत नव्हतं. मी आशाताईचं पाकीट घेतलं तर हिने हाताने बाजूला सारलं आणि फळीवरच्या डब्याकडे बोट केलं. डब्यात तुझं पत्र. मला वाक्य पाठ आहे, सबंध गावाला पाठ आहे.

मग मी भांडले. तुझं आतडं पुण्याला शिकायला गेलं आणि अक्कल इथेच राहिली का, असं विचारलं. नंतर मला उमगलं की हे असं उलटं झालंय, अक्कल तिकडे शिकायला गेली असती तर बरं होतं. बहिऱ्या माणसाशी भांडायचं म्हणजे ओरडायचं. रस्त्यापलीकडून आमचा हुसेन धावत आला, त्याला वाटलं साप निघाला. सगळ्यांना ऐकू गेलं, तिला सोडून. ती डोळे मिटून बसली. डोळे मिटले की तिच्याशी बोलायची सोयच संपते, हे तिला चांगलं माहीत आहे.

हुसेनला मी नाक्यावर पिटाळलं. फोन बंद, म्हणून कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरकडे निरोप दे म्हटलं, की अमरदीपला फाटकावर गाठून सांग, आईला न्यायला ये. पण गाडी येईपर्यंत काय करू? बाईचा हात धरला तर चिमटा काढलेली कातडी तशीच उभी राहत होती.

आणि मग मला खिरीचा टोप दिसला. पालथा घातलेला, कोपऱ्यात.

मी पाणी उकळलं, गार केलं, नीट मोजून सबंध पाकीट त्यात घातलं. वाटी घेऊन तिच्यापुढे बसले. तिचा खांदा हलवून डोळे उघडायला लावले आणि खुणेने सांगितलं की हुसेनला जुलाब होताहेत, त्याच्यासाठी केलंय, मला हे कधी जमलेलं नाही, मीठ बघ. हुसेनला मधुमेह नाही, त्यामुळे त्याला चालतं. तिने चमचा तोंडाला लावला. आम्रपाली, तीस वर्षं विहाराचा स्वयंपाक केलेली बाई आहे ती. आपल्यासाठी पिणार नाही, पण कुणी विचारलं की मीठ बघ, तर मेलेली उठून बघेल.

तिने तोंड वाकडं केलं. मीठ पुढे आहे म्हणाली. मी पाठ फिरवून चमचा खळखळवला आणि पुन्हा दिलं. आता? अजून पुढेच आहे. पुन्हा खळखळवलं. आता गोड पुढे आलं म्हणाली. मी काहीच घालत नव्हते, नुसती ढवळत होते. मधे एकदा उलटली. थोडं थांबले आणि पुन्हा सुरू केलं. प्रत्येक चमच्यागणिक तिने मला नावं ठेवली. म्हणाली, या वयात साधं मीठ-पाणी जमत नाही, आणि अशा बाईच्या जिभेवर मी इतकी वर्षं खीर सोडली. मी म्हटलं, बरं बाय, बघ आता. निम्मी वाटी गेली. मग दुसरी केली. ती बिघडलेली आहे म्हणून सांगितलं, तीही निम्मी गेली.

दुपारी अमरदीप कुणाची तरी गाडी घेऊन आला. चिपळूणच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मला विचारलं, काही पोटात गेलंय का? मी म्हटलं, चवीपुरतं. ते म्हणाले, चवीपुरतं गेलं म्हणून हाताला शीर तरी सापडली. लघवी होते की नाही याची काळजी होती, ती काल सुटली. सलाईन चालू आहे. साखरेवर लक्ष ठेवताहेत.

काल डोळे नीट उघडले तेव्हा पहिलं काय विचारलं असेल? हुसेन बरा आहे का. मी विसरून गेले होते. मी खुणेने म्हटलं, त्याला काय धाड भरली? तिने माझ्याकडे पुष्कळ वेळ बघितलं. मग भिंतीकडे तोंड फिरवलं. अजून बोलत नाही.

तुला दोष देत नाही. पण बाय, तुम्ही शिकलेली माणसं रेघ कशाखाली मारता ते जरा बघून मारा.

घाट उघडला की ये. आमचा जीव तुझ्यापाशी ठेव, परत मागणार नाही.

तुझी
नसीमाखाला

*

पुणे,
१२ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास, सप्रेम जयभीम, वि. वि.

काल पुण्याला परत पोचले. दोन दिवस तुझ्या खाटेशी बसले, पण तू वही पुढे करायचीस आणि मी त्यावर लिहायचे ते फक्त डाळिंब आणू का, उशी हवी का. जे लिहायचं होतं ते शेजारी बसून लिहिता आलं नाही. एवढ्या अंतरावरूनच येतं, अशी सवय लागलीय.

तू वहीवर विचारलंस, मग पहिलं पत्र खोटं होतं का. खोटं नव्हतं, अर्धं होतं. आणि अर्धं आहे हे त्यातच लिहिलं होतं, पण मी रेघ दुसरीकडे मारली. परत आल्यावर थाळ्या बघितल्या. मी नव्हते तेव्हा वेदिकाने त्यांना जपलं. तिसऱ्यांदाही तेच दिसतंय, जास्त साखरेतल्या गोळ्यांना लागण जास्त. महिन्यापूर्वी मी नाचले असते. आता तुझे गोळे बघताना मला तुझ्या हाताची कातडी आठवते. बाई म्हणाल्या की आता दुसऱ्या सात जणांच्या पेशींवर कर. करेन.

एक सांगायचं राहिलं. तिकडून निघण्याआधी मी हौसाबाईच्या घरी गेले होते. तिने मला पाट दिला, बिनसाखरेचा चहा दिला. मी तिला पाकिटाचं सगळं समजावलं, तिने मान डोलावली. मला वाटलं झालं. उठताना ती म्हणाली की तू पत्रात लिहिलंस ते मी धरून आहे, लिहिलेलं ते खरं, तोंडी काय, माणूस आजाऱ्याची समजूत काढायला काहीही बोलतो. मी पुन्हा बसले, पुन्हा सांगितलं. तिने पुन्हा मान डोलावली. तेव्हापासून मला चैन नाही. इथे येऊन काम करते, पण ती मान डोळ्यांपुढे डोलते.

म्हणून सोबत वेगळा कागद पाठवते. वाचनाच्या वेळी वाच, जिथे पहिलं वाचलंस तिथेच. सबंध वाच, काही गाळू नकोस. सोपं लिहिलं आहे आणि कशाखालीही रेघ मारलेली नाही.

नसीमाखालांशी बोललीस का? बोल. त्यांनी तुला फसवलं हे खरं, पण तू चव बघायला नाही म्हणाली असतीस तर?

मला तुझ्यात जेवढी जागा आहे तेवढी राहू दे.

तुझी
आम्रपाली

*

अलोरे,
१७ ऑगस्ट २०२५

चि. आम्रपालीस, अ. आ. व जयभीम.

बसून लिहितेय, पण मधेच उठते. पाय अजून लटपटतात, तरी एका जागी राहवत नाही.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. चार तारखेचं मी दवाखान्यात असताना येऊन पडलं होतं. ओल लागून लिफाफा फुगला होता. ते वाचलं आणि मग डब्यात पहिल्यावर ठेवलं, वर.

श्रावण पौर्णिमेला टोप चढला नाही. आता तो नसीमाकडे आहे. ती त्यात पाणी उकळते आणि हुसेन खालच्या ओळीत घरोघर वाटतो. खिरीच्या टोपाचं असं होईल हे मला वाटलं नव्हतं. नळ दुरुस्त झाला, पण अजून कुणी त्यावर भरवसा ठेवत नाही. नसीमाशी बोलले. म्हणजे मी म्हटलं की तुझं मीठ खरंच पुढे होतं. ती म्हणाली, पाकीट सरकारचं, मीठ सरकारचं, माझ्याशी का भांडतेस. एवढ्यावर मिटलं.

आज संध्याकाळी तुझा कागद वाचला. उभी राहून वाचायचं ठरवलं होतं, पण बसूनच वाचावं लागलं. काही गाळलं नाही. तुझ्या बाईंचं पण वाचलं. शेवटी मी माझ्याकडचं सांगितलं, की मी तुम्हाला पाकीट घेऊ नका म्हटलं आणि मीच त्यात मरत होते. सगळे गप्प होते. माझ्यासाठी लोक नेहमीच गप्प असतात, पण हे वेगळं कळतं. एकाने येऊन पाकीट मागून घेतलं. दुसऱ्या दोघी आपापसात काही बोलल्या आणि मान हलवून गेल्या. पटलं की नाही, माहीत नाही. पहिलं वाक्य एका संध्याकाळी सगळीकडे गेलं होतं. हे दारापर्यंतसुद्धा जात नाही.

हौसाबाई आली नव्हती.

वाचन संपल्यावर तिच्या शेजारणीने अमरदीपला सांगितलं की तिला दुपारपासून पोटाचं चालू आहे आणि आशाताईला तिने दारातून परत पाठवलं. मी अमरदीपला घेऊन लगेच गेले. तिने दार वीतभर उघडलं, काही बोलली आणि लावून घेतलं. अमरदीपने कागदावर लिहून दाखवलं. ती म्हणाली होती की सुनंदा अजून आजारी आहे, तिचं डोकं ठिकाणावर नाही, मी तिचं आधीचंच धरते. मी तुझा कागद दाराखालून आत सरकवला. परत येताना चढावावर आठवलं की तिला वाचता येत नाही.

अमरदीपने आशाताईला निरोप दिला. सकाळी गाडी मिळेल म्हणाली. शेजारीण अधूनमधून बघते आहे. मी घरी येऊन हे लिहायला घेतलं. मी बोलले ते परत घ्यायला निघालेय आणि ते हाताला लागत नाही. तू थाळीसमोर बसून पुन्हा पुन्हा मोजतेस ते मला आता कळतं.

पत्र इथेच थांबवते. सकाळी टाकेन. तुझी माया आहे तशी असू दे, पाजळत बसू नकोस.

तुझी
सुनंदा आत्या

ता. क. १८ ऑगस्ट. पत्र टाकायचं राहिलं, म्हणून लिहिते. सकाळी नसीमाला घेऊन हौसाबाईकडे गेले. दार शेजारणीने उघडायला लावलं होतं. हौसाबाई जमिनीवर बसलेली होती. नसीमाने पाकीट तिच्यादेखत तांब्यात सोडलं. मी पेला पुढे केला तर तिने हाताने सारला आणि काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही, नसीमाने सांगितलं नाही. मग मी तिच्यासमोर बसले आणि पेला स्वतः प्यायले, सबंध. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. दुसरा भरला तो तिने घेतला. गाडी येईपर्यंत निम्मा तांब्या गेला. गाडीत ती बसून गेली, आडवी नाही. मीठ बरोबर होतं.